कार्ड बदलायचं, की आहे तेच सावरायचं?

उन्हं तापू लागली की गेमिंग पीसीच्या तक्रारींची पत्रं वाढतात. या वेळी नांदेडपासून हिंगोलीपर्यंत बहुतेकांचा प्रश्न एकच आहे: ग्राफिक्स कार्ड नवं घेऊ का? त्यातल्या काही पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. कार्डांचे भाव आठवड्याला हलतात, म्हणून रकमा मुद्दाम दिलेल्या नाहीत.

प्रश्न : माझ्याकडे आय-फाइव्ह ७४००, बी२५० बोर्ड, ८ जीबीची एकच रॅम आणि जीटीएक्स १०६० चं ६ जीबी कार्ड आहे. मॉनिटर १०८०पी, ७५ हर्ट्झचा. व्हॅलोरंट मधेच अडखळतं, नवे गेम तर ३० एफपीएसच्या (सेकंदाला ३० फ्रेमच्या) वर जात नाहीत. मित्र म्हणतात आरटीएक्स ४०६० नाहीतर ५०६० टाक. टाकू का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्हींचं कारण एक नाही. आधी दुखणं कुठे आहे ते शोधा. त्याला एक पैसाही लागत नाही.

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिवाट्यूनर ही सॉफ्टवेअर टाका. खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात जीपीयूचा (कार्डावरच्या मुख्य चिपचा) वापर, कार्डाची मेमरी, प्रत्येक कोअरचा वापर, रॅम आणि एफपीएस दिसेल असं लावा. गेममधलं व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सोय) आणि एफपीएसची मर्यादा दोन्ही बंद करा. हे विसरलात तर कार्ड ७५ फ्रेम काढून स्वस्थ बसतं, जीपीयू ५० टक्के दिसतो आणि दोष उगाच प्रोसेसरवर जातो. आता दहा मिनिटं खेळा. जीपीयू ९५ टक्क्यांच्या वर टिकून असेल तर कार्ड कमी पडतंय. जीपीयू ६०-७० टक्क्यांवर रेंगाळतोय आणि चारही कोअर शंभरला टेकलेत, तर प्रोसेसर कमी पडतोय. खात्री करायची तर रिझोल्यूशन १२८० बाय ७२० वर आणा. एफपीएस तेवढेच राहिले तर नवं कार्ड घेऊनही ते वाढणार नाहीत.

७४०० ला चार कोअर आणि चारच थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं. व्हॅलोरंटसारखे गेम कार्डापेक्षा प्रोसेसरवर आणि रॅमवर जास्त चालतात, आणि तुमची रॅम एका कांडीची, म्हणजे सिंगल चॅनल, प्रोसेसरकडे जायला एकच वाट. तुमचं अडखळणं बहुतेक इथलंच आहे. म्हणून पहिला खर्च ८ जीबी डीडीआर४ च्या दुसऱ्या कांडीचा करा. या बोर्डावर रॅम २४०० मेगाहर्ट्झच्या वर पळत नाही, तेव्हा जास्त वेगाच्या रॅमला जास्त पैसे देऊ नका. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये कांड्या बसवा आणि सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये ड्युअल चॅनल दिसतंय ना ते बघा.

याच बोर्डावर आय-सेव्हन ७७०० चालतो, त्याला आठ थ्रेड आहेत. आठव्या पिढीचे प्रोसेसर त्याच खाचेत बसतील असे दिसतात, पण २०० मालिकेच्या बोर्डावर चालत नाहीत. दुकानदार 'बसेल' म्हणाला तरी घेऊ नका. ७७०० सुद्धा अगदी स्वस्तात मिळाला तरच घ्यावा. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर नाही.

राहिला नव्या गेमचा प्रश्न. तिथे १०६० खरंच थकलं आहे. हे २०१६ सालचं कार्ड. एनव्हिडियाने या पिढीसाठी गेमचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. शिवाय 'डूम : द डार्क एजेस'सारखे काही गेम रे ट्रेसिंगचं (प्रकाशाच्या किरणांचा हिशेब करून चित्र काढण्याचं) हार्डवेअर असल्याशिवाय चालतच नाहीत. असे गेम खेळायचे असतील तर कार्ड बदला. बोर्ड जुना आहे म्हणून अडून राहू नका. कार्ड पुढच्या पीसीत जाईल, आय-सेव्हन जाणार नाही. ४०६० आणि ५०६० दोन्ही आठ लेनची कार्डं आहेत, म्हणजे बोर्डाशी माहितीची ने-आण करायला त्यांना आठ वाटा आहेत. तुमच्या पीसीआय ३.० बोर्डावर त्यांचं थोडं नुकसान होतं, आणि कार्डाची मेमरी भरून वाहू लागली की ते नुकसान वाढतं. टेक्श्चर एक पायरी खाली ठेवा.

पुढे बोर्ड बदलाल तेव्हा रायझन ५ ५६०० आणि बी५५० बोर्डाचा विचार करा. तुमच्या डीडीआर४ च्या दोन्ही कांड्या त्यावर चालतात. फक्त व्हॅलोरंटच खेळणार असाल तर रॅम टाका आणि कार्डाचे पैसे जपून ठेवा.

प्रश्न : खोली पत्र्याची आहे. दुपारी जीटीएक्स १६६० सुपरवर वीस मिनिटं खेळलं की एफपीएस निम्म्यावर येतात आणि पंखे ओरडायला लागतात. दुकानदार म्हणतो कार्ड गेलं, नवं घ्या. कार्ड चार वर्षांचं आहे.
— एक वाचक, परभणी

उत्तर : कार्ड गेलेलं नाही. ते स्वतःला वाचवतंय. हे कार्ड साधारण ८३ अंशांना पोचलं की चिपचा वेग उतरवतं, आणि कार्डावरचा कूलर कितीही चांगला असला तरी तो कार्डाला खोलीच्या हवेपेक्षा ठरावीक अंश वरच ठेवू शकतो. जानेवारीत खोली २८ अंश असताना कार्ड ७० वर राहत असेल, तर पत्र्याखाली ४३ अंशांत तेच कार्ड ८५ कडे धावणार. नवं कार्ड आणलं तरी त्याला हीच खोली मिळेल.

आधी साफसफाई. कॅबिनेट अंगणात न्या. पंख्याची पाती बोटाने घट्ट धरा आणि मगच ब्लोअर मारा, कारण मोकळा पंखा हवेने भन्नाट फिरला की बेअरिंग खराब होतं. आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. डेझर्ट कूलरचा झोत थेट पीसीवर असला की ओलसर हवेत धूळ चिकटते आणि कार्डाच्या कूलरमधल्या बारीक पत्र्यांच्या फटींत चिखलासारखा थर जमतो. तो नुसत्या हवेने निघत नाही, मऊ ब्रश आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. कूलर ठेवा, पण त्याचं तोंड पीसीकडे नको, आणि त्या वेळी खिडकी उघडी हवी.

साफ करूनही फरक पडला नाही तर बहुधा चिप आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळली आहे. जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये हॉट स्पॉट (चिपचा सर्वांत तापलेला भाग) दिसत असेल तर तो मुख्य तापमानापेक्षा १०-१५ अंश वर असणं ठीक, २५ च्या पुढे असेल तर पेस्ट बदलावी लागेल. वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूवरचं स्टिकर फाडण्याआधी कंपनीच्या केंद्राला विचारा. कूलरचे स्क्रू आडवेतिडवे, थोडे थोडे सैल करा. पंख्याची वायर ओढून तोडू नका, आधी जोड सोडवा. मेमरीवरचे थर्मल पॅड फाटले तर जुन्याची जाडी व्हर्नियरने मोजून तेवढेच आणा. ०.५ मिलिमीटरने जाड पॅड लावला तरी कूलर चिपवर टेकत नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. पेस्ट बदलून पस्तावलेल्यांचं दुखणं बहुधा हेच असतं.

मग अंडरव्होल्ट करा, म्हणजे चिपला कमी व्होल्टेजवर चालवा. पत्र्याच्या खोलीसाठी याहून चांगला उपाय आम्हाला माहीत नाही. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून आलेख उघडा. ०.८५० व्होल्टवरचा बिंदू १८०० मेगाहर्ट्झवर न्या, त्याच्या उजवीकडची रेघ सपाट करा आणि लागू करा. अर्धा तास जड गेम चालवा. गेम बंद पडला तर ०.८७५ व्होल्ट करून बघा. एफपीएस जवळपास तेवढेच राहतात, कार्ड मात्र बरीच कमी वीज खातं आणि कमी तापतं. एफपीएसला मॉनिटरइतकी मर्यादा घाला. ६० हर्ट्झच्या मॉनिटरसाठी १४० फ्रेम काढणं म्हणजे खोली तापवणं.

कार्ड बदलायची वेळ वेगळी ओळखू येते. थंड असतानाही, अगदी बायोसच्या पडद्यावरही रंगीत चौकोन किंवा रेघा दिसल्या तर बहुधा मेमरी चिप गेलेली असते. हीट गनने शेकून कार्ड जिवंत करतात असं ऐकलं असेल. ते आठवडा-पंधरवडा चालतं आणि पुन्हा मरतं. त्याला पैसे देऊ नका.

प्रश्न : बारावीनंतर मुलाला लॅपटॉप घेऊन दिला. आता तो म्हणतो यात मोठं ग्राफिक्स कार्ड बसवून द्या. बसतं का?
— एक पालक, लातूर

उत्तर : नाही. आजच्या जवळपास सगळ्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची चिप बोर्डावरच डाग लावून बसवलेली असते. रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा असेल तर रॅम वाढवा, पंखे साफ करून घ्या. त्यापुढचा खर्च लॅपटॉपवर नको.

प्रश्न : ऑफिसातून निघालेला स्लिम पीसी घेतलाय. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, सप्लाय २४० वॉटचा. कोणतं कार्ड चालेल?
— एक वाचक, बीड

उत्तर : या पीसीचा सप्लाय आणि त्याचा प्लग कंपनीच्या खास मापाचा असतो, बाजारातला साधा एसएमपीएस (पीसीचा वीजपुरवठ्याचा डबा) बसत नाही. म्हणून स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटमध्ये भागणारं, अर्ध्या उंचीचं, वेगळी पॉवर केबल न लागणारं कार्डच हवं. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं ७० वॉटमध्ये चालतं. ८ जीबीवालं १३० वॉट घेतं, नाव सारखं असलं तरी ते घेऊ नका. जीटीएक्स १६५० मध्येही विनाकेबलची कार्डं मिळतात. आरएक्स ६४०० कमी विजेवर चालतं, पण त्याला चारच लेन आहेत आणि तुमच्या पीसीआय ३.० बोर्डावर ते बरंच मागे पडतं. कार्ड कॅबिनेटला कसायची अर्ध्या उंचीची पट्टी खोक्यात आहे ना, ते दुकानातच उघडून बघा.

प्रश्न : वापरलेलं आरएक्स ५८० घेतोय. मायनिंगचं नाही हे कसं ओळखू?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : कार्डावर मायनिंग (आभासी चलन मिळवण्यासाठी ते सतत राबवणं) झालं की नाही हे खात्रीने कुणालाच सांगता येत नाही. आज कार्ड कसं आहे एवढं तपासता येतं. जीपीयू-झेड उघडा, शेडरचा (चिपमधल्या छोट्या गणन-भागांचा) आकडा २३०४ हवा. २०४८ दिसला तर ती कमी ताकदीची आवृत्ती आहे, भाव त्याप्रमाणे पाडा. ड्रायव्हर साधेपणाने बसत नसेल तर मायनिंगसाठी बायोस बदललेला असण्याची शक्यता मोठी. पंधरा मिनिटं फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारी चाचणी), मग अर्धा तास खरा गेम. दोन्ही चालवा, कारण मेमरीचा दोष अनेकदा गेममध्येच दिसतो. पंखा हाताने हलवून बघा, खडखड नको. हे कार्ड १८५ वॉट खातं. त्याच भावाच्या आसपास आरएक्स ६६०० मिळालं तर डोळे झाकून तेच घ्या. ते १३२ वॉटमध्ये चालतं आणि वेगाने पुष्कळ पुढे आहे. वॉरंटी शिल्लक आहे असं विकणारा म्हणाला तर मूळ जीएसटी बिल मागा आणि त्यावरचा सिरीयल नंबर कार्डाशी ताडून बघा.

प्रश्न : आरएक्स ६६०० टाकल्यापासून गेम सुरू झाला की पीसी रीस्टार्ट होतो. कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या येतात. कार्ड परत करू का? आमच्याकडे लाईटीचा लपंडाव असतोच.
— एक वाचक, हिंगोली

उत्तर : कार्ड ठेवा. आजार विजेचा आहे, आणि झिणझिण्यांचं काम आज करा, रीस्टार्टचं उद्या केलं तरी चालेल.

झिणझिण्या येतात म्हणजे अर्थिंग नाही किंवा तुटलं आहे. एसएमपीएसमध्ये आत आलेला विजेचा गोंगाट अर्थिंगमध्ये सोडण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंगची वाट बंद झाली की कॅबिनेटवर जवळपास निम्मा व्होल्टेज तरंगतो. वायरमनला मीटरने मोजायला सांगा : फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थिंगही तेवढाच आणि न्यूट्रल ते अर्थिंग दोन-तीन व्होल्टच्या आत. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या कन्व्हर्टरमध्ये घातला असेल तर तो आधी काढा. अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात काळी माती तडकते, ओल जाते आणि अर्थिंग दुबळं होतं. खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला.

आता एसएमपीएसचं लेबल वाचा. कॅबिनेटसोबत आलेल्यावर ४५० वॉट छापलेलं असतं, पण महत्त्वाचा आकडा १२ व्होल्टच्या रांगेतला अँपिअर. तिथे १४ असेल तर १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॉटच मिळतात. कार्ड एकटंच १३२ मागतं, आणि क्षणभर त्याहून जास्त खेचतं. तेवढ्यात सप्लाय मान टाकतो. नामांकित कंपनीचा ५५० वॉटचा ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस घ्या आणि कार्डाला त्याचीच ८ पिनची केबल लावा. साटाच्या प्लगवरून ८ पिन करून देणारे जोड विकतात. साटाचा प्लग १२ व्होल्टवर ५४ वॉटच पेलतो, तर ८ पिन १५० पर्यंत मागू शकते. तो जोड वितळतो.

इन्व्हर्टर किंवा यूपीएस चौकोनी लहरीचा असेल तर चांगल्या एसएमपीएसशी त्याचं अनेकदा पटत नाही, लाईट गेल्यावर पीसी बंद पडतो. शुद्ध साइन वेव्हचाच घ्या. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. त्याच्यावर गेम पुढे चालवू नका, पीसी नीट बंद करा.

प्रश्न : नवं कार्ड बसवलं, पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी. मॉनिटर जुना, व्हीजीएवाला.
— एक वाचक, जालना

उत्तर : मॉनिटरची केबल अजून मदरबोर्डच्या पोर्टला असेल तर ती कार्डाला लावा. नव्या कार्डांवर व्हीजीए नसतंच, म्हणून एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागेल, तोही आत चिप असलेला. नुसत्या तारा जोडलेली स्वस्त केबल चालत नाही. तरीही काही आलं नाही तर कार्ड काढून खटका वाजेपर्यंत पुन्हा बसवा आणि ८ पिनची केबल पूर्ण आत गेली आहे का ते बघा. चित्र आलं, की इंटरनेट काढून सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणाऱ्या सॉफ्टवेअरने) जुना ड्रायव्हर पुसा आणि मग नवा टाका.