वाचकांचे प्रश्न : ‘सून मला उपाशी ठेवते’

प्रश्न : सासूबाईंना (वय ७६) अल्झायमरचं निदान झालंय. पोटभर जेवतात आणि तासाभरात शेजारी जाऊन ‘सून मला उपाशी ठेवते’ म्हणून सांगतात. मिस्टरांचं म्हणणं, आजाराचं बाहेर बोलायचं नाही, लोक आईला वेडी म्हणतील. मी काय करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : त्या खोटं बोलत नाहीत. अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार. नवी आठवण साठवणारा मेंदूचा भाग या आजारात सुरुवातीलाच झिजतो. त्यामुळे लग्नातली पंगत आठवते, पण अकराचं जेवण साडेबाराला पुसलेलं असतं. जेवल्याचं आठवत नाही म्हणजे जेवलेच नाही, हा त्यांचा हिशेब त्यांच्यापुरता चोखच आहे. तेव्हा ‘आत्ताच तर जेवलात!’ हे वाक्य बंद करा. वाद कशावरून झाला ते त्या विसरतील, राग मात्र उरेल.

उष्टं ताट अर्धा तास समोर राहू द्या. दोन मोठ्या जेवणांचे पाच लहान भाग करा. पुन्हा मागितलंच तर ‘हो, वाढतेच, तोवर हे घ्या’ म्हणून वाटीभर ताक नाहीतर अर्धं केळं द्या (मधुमेह असेल तर ताकच). वाचता येत असेल तर ‘जेवण झालं, ११ वाजता’ अशी फळ्यावर नोंद काही महिने उपयोगी पडते. कधीकधी भूक खरीही असते. कवळी सैल झाली की माणूस नीट जेवतच नाही. दर महिन्याला वजन करा, सलग दोनदा घटलं तर डॉक्टरांना सांगा. औषधांचा डबा मात्र तुमच्या ताब्यात हवा. मधुमेहाची गोळी ‘घेतलीच नाही’ म्हणून दुसऱ्यांदा घेतली तर साखर धोकादायक उतरू शकते.

आता मिस्टरांचा मुद्दा. लोक आत्ताही बोलतातच, फक्त तुमच्याबद्दल! शेजारी, वॉचमन, किराणावाला आणि जवळचा रिक्षास्टँड एवढ्यांना, सासूबाई समोर नसताना, सरळ सांगा : ‘आईंना स्मृतिभ्रंश आहे, मेंदूचा आजार. जेवल्याचं त्यांच्या लक्षात राहत नाही. त्यांना खोटं पाडू नका, बसवून घ्या आणि मला फोन करा.’ उद्या त्या वाट चुकल्या तर हीच माणसं आधी कामाला येतील. तुमचा मोबाइल नंबर त्यांच्या बटव्यात ठेवा आणि नेहमीच्या साड्यांना आतून शिवा. स्वयंपाकाच्या बाईंनाही सांगा; वस्तू कुठे ठेवली ते सासूबाई विसरल्या की चोरीचा आळ अनेकदा त्यांच्यावर येतो.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. एकच बिल दोनदा भरतात, रोजच्या रस्त्यावर गोंधळतात. घरचे म्हणतात, साठी बुद्धी नाठी. – पुणे

उत्तर : चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वयाचं असू शकतं, रोजचा रस्ता चुकणं नाही. न्यूरॉलॉजिस्ट (मेंदूविकारतज्ज्ञ) किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे जा. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या. झोपेच्या, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या आणि लघवी रोखण्याच्या काही गोळ्यांनीही विसराळूपणा येतो. स्मरणशक्तीची लेखी चाचणी, थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व, सोडियम, साखर आणि मेंदूचा स्कॅन, एवढं साधारण होतं. शाकाहारी लोकांत आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) घेणाऱ्यांत बी-१२ बऱ्याचदा कमी सापडतं, आणि ते भरून काढता येतं. नैराश्यानेही विसराळूपणा येतो, आणि त्यावरही उपचार आहेत. गेल्या काही आठवड्यांत डोक्यावर पडले असतील तर ते न विसरता सांगा, कवटीत रक्त साकळलेलं असू शकतं. गोंधळ दोन-चार दिवसांतच सुरू झाला असेल तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवीतल्या जंतुसंसर्गानेही असं होतं.

प्रश्न : आजीला अल्झायमर आहे हे कळल्यावर बहिणीचं स्थळ मोडलं. हा आजार घराण्यात उतरतो का? – कोल्हापूर

उत्तर : एकाच जनुकातून थेट उतरणारा अल्झायमर शंभर रुग्णांत एकालाही नसतो, आणि तो सहसा पासष्टीच्या आधीच दिसतो. पिढ्यान्‌पिढ्या पन्नाशीतच त्रास सुरू झाला असेल तरच जनुकीय सल्ला घ्या. स्मृतिभ्रंशाच्या फ्रंटोटेम्पोरल प्रकारात (यात मेंदूचा पुढचा आणि कानशिलाजवळचा भाग झिजतो) आनुवंशिकतेचा वाटा जास्त असतो, पण तो आजीच्या निदानात नाही. म्हातारपणी होणाऱ्या अल्झायमरमध्ये नातवंडांचा धोका थोडा वाढतो, एवढंच. देशात साठीपुढच्या दर शंभरांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे समोरच्या स्थळाच्या नात्यातही कुणीतरी असण्याची शक्यता बरीच. लग्नासाठी म्हणून जनुकांची तपासणी मुळीच करू नका.