एस्टोनियातलं ऑनलाइन मतदान

प्रश्न: एस्टोनियात घरबसल्या मत देतात. कोणी शेजारी बसून जबरदस्ती केली तर? आणि मत गुप्त कसं राहतं?

उत्तर: मुदतीत पुन्हा मत द्यायचं, शेवटचंच धरतात. केंद्रावर जाऊन कागदी मत दिलं, तर ऑनलाइन मत बाद होतं. ओळखपत्र कार्ड रीडरमध्ये घातल्यावर पहिल्या पिननं ओळख पटते, दुसऱ्यानं सही होते. मत आधी कूटबद्ध होतं, म्हणजे कुणाला वाचता येऊ नये असं सांकेतिक होतं; डिजिटल सही त्यावर बाहेरून. मोजणीपूर्वी ती काढतात, दुहेरी पाकिटासारखं: नाव असलेलं बाहेरचं पाकीट काढून आतलं बिननावी पाकीट मोजणीला जातं. मत दिल्यावर ३० मिनिटांत फोननं क्यूआर कोड स्कॅन करून मत तपासता येतं. हे टाळूच नये. कारण संगणकात व्हायरस असला, तर तो मत बदलू शकतो आणि पडद्यावर काहीच कळणार नाही. शिवाय २०१७ मध्ये ओळखपत्राच्या चिपमध्येच दोष सापडला, सुमारे ७.५ लाख कार्डांची प्रमाणपत्रं (ऑनलाइन ओळख आणि सही ज्यांवर चालते ती) थांबवावी लागली.