गिरणीत वर्ग घडला, मग जात का उरली?

प्रश्न : मुंबईच्या कापड गिरण्यांत निरनिराळ्या जातींची माणसे एकत्र राबत होती, मग कामगार म्हणून त्यांची घडण एकसारखी का झाली नाही?

उत्तर : ती बरीचशी एकसारखी झाली, हे आधी मान्य केले पाहिजे. भोंग्यावर चालणारा दिवस, पाळ्या, पगाराची तारीख आणि संप यांनी कोकणातल्या व घाटावरच्या शेतकऱ्याला गिरणी कामगार बनवले. मात्र खात्याखात्यांत जात शाबूत होती. विणकाम खात्यात आडव्या धाग्याची कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या, म्हणजे मागावर तो धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनाच्या, भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या उष्ट्या धोट्याला तोंड लावण्यास सवर्ण कामगार तयार नसल्यामुळे जास्त मजुरीचे हे खाते अस्पृश्याला बंद राहिले आणि सूत कातण्याच्या, कमी पगाराच्या रिंग खात्यातच त्याला दिवस काढावे लागले. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. एकाच संपात उपास काढणाऱ्यांनी सोबत्याच्या धोट्याचा विटाळ मानावा, हे मला मालकांच्या नफेखोरीइतकेच खुपते. राहण्याचेही फारसे वेगळे नव्हते. चाळीतल्या सामाईक खोलीत पथारी टाकायला जागा मिळे, तीही बहुधा गाव आणि नातेगोते पाहूनच.