वावरात मशीन फिरवायची तर आधी कोणाला आणि काय विचारायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेटल डिटेक्टर घेतला आहे, आजोळ दारव्ह्याकडचं (यवतमाळ जिल्हा) आहे, तिथल्या काही शेतकऱ्यांना विचारून पाहिलं तर सगळ्यांनी नकार दिला आणि एकाने गाडीचा नंबरही लिहून घेतला. आता परवानगी मागायची कशी, ती लेखी घ्यायची का, आणि सापडेल त्यात मालकाला किती वाटा कबूल करायचा?

वाट्यापासूनच सुरू करतो, कारण गाडी तिथेच अडली असं दिसतं. "जे निघेल ते निम्मं-निम्मं" असं तुम्ही पहिल्याच भेटीत सांगितलं, असं लिहिलं आहे. भाऊ, आपल्याकडे अनोळखी माणूस मशीन घेऊन वावरात येतो आणि निम्म्याची भाषा बोलतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोक्यात एकच शब्द येतो: गुप्तधन. त्यामागोमाग येतात पायाळू माणूस (पायाकडून जन्मलेला, त्याला पुरलेलं धन दिसतं असं लोक मानतात), अमावस्येची रात्र, लिंबं आणि कुठूनतरी आणलेला महाराज. या नादात विदर्भात लोक लुबाडले गेले आहेत, जीवही गेले आहेत. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या नावाखाली होणाऱ्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख आहे, तो उगाच नाही. तुमच्या गाडीचा नंबर लिहून घेणारा माणूस शहाणा आहे. मी त्याच्या जागी असतो तर पोलीस पाटलालाही फोन केला असता.

तेव्हा पहिल्या भेटीत वाटा बोलूच नका. मशीनही नेऊ नका. आजोळचं गाव आहे तर मामांना सोबत घ्या. मामा नसतील तर गावातलं कोणीतरी, ज्याच्या घरी तुम्ही चहा पिता असं. विदर्भातला कोणताही काकाजी पहिला प्रश्न विचारतो, "कोनाचा पोरगा होय तू?" याचं सरळ उत्तर तुमच्याजवळ असेल तर अर्धं काम तिथेच होतं. उत्तर नसेल तर सातबारा खिशात असून उपयोग नाही.

आणि "तुमच्या वावरात शोधू का?" असं मोघम विचारू नका. शोधू म्हणजे काय शोधू? काहीतरी नेमकं मागा. मला सर्वात चांगला अनुभव हरवलेल्या वस्तूंचा आहे. कापूस वेचताना मंगळसूत्राची वाटी पऱ्हाटीत पडते, निंदताना जोडवं निघून जातं, मोटरपंप दुरुस्त करताना अंगठी गळते. प्रत्येक गावात अशा दोन-चार गोष्टी बायकांच्या आठवणीत असतात आणि त्या पिकाच्या कोणत्या ओळीत पडल्या हेही त्यांना नेमकं ठाऊक असतं. म्हणून घरात विचारा, चावडीवर नको. दुसरं काम लोखंडाचं. वखराची तुटलेली पास, नांगराचा फाळ, बंडीच्या चाकाच्या धावेचा तुकडा, बैलाची नाल, हे ट्रॅक्टरच्या टायरात किंवा रोटाव्हेटरमध्ये अडकतं तेव्हा शेतकऱ्याचं नुकसान होतं. "काकाजी, तुमच्या वावरातलं लोखंड काढून देतो, पैसे नको" असं म्हणून पाहा. एका घरची वाटी सापडली की पुढचं बोलावणं त्याच गावातून येतं. नाही सापडली तरी तुम्ही दिवसभर उन्हात काय करत होता हे चार लोकांनी पाहिलेलं असतं.

आता परवानगी कोणाची. सातबाऱ्यावर नाव ज्याचं त्याची, हे उत्तर कागदावर बरोबर आणि वावरात अपुरं आहे. उतारा ऑनलाइन काढा, तिथे बहुतेक वेळा एक नाव नसतं; वडील गेल्यावर वारसांचा फेरफार होऊन भाऊ, बहिणी, आई अशी पाच-सहा नावं असतात. बहीण वर्ध्याला नांदते, एक भाऊ पुण्यात, आणि वाहतो धाकटा. तोंडी वाटणीने धुरे, म्हणजे बांध, पडलेले असतात आणि ते उताऱ्यावर दिसत नाहीत. त्यातच वावर ठेक्याने किंवा बटईने (पिकाच्या वाट्यावर) दिलेलं असेल तर उभ्या पिकाचा धनी आणखी वेगळा. मी तिघांचं 'हो' पाहतो: नाव असलेला, प्रत्यक्ष वाहणारा, आणि हिस्सेदारांपैकी जो गावात राहतो तो. सालगडी असेल तर त्यालाही सांगून ठेवा. सकाळी वावरात पहिला तोच येतो आणि खड्डा पहिला त्यालाच दिसतो. मग मालकासोबत धुऱ्याने एक फेरी मारा. "इथपासून तिथपर्यंत माझं" हे त्याने बोटाने दाखवलेलं असलं की शेजाऱ्याशी वाद होत नाही. पोलीस पाटलाची परवानगी लागत नाही, पण त्याला आधी सांगा आणि आधारची झेरॉक्स देऊन ठेवा.

लेखी घ्यावं का? घ्यावं, आणि त्याचं कारण बहुतेकांना वाटतं त्याहून वेगळं आहे. जमिनीत पुरलेल्या मौल्यवान वस्तूंसाठी आपल्याकडे 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागाल तेव्हा हजर करीन अशी हमी द्यायची. मग जाहीर नोटीस निघते, दावेदारांना चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानची तारीख मिळते. कोणाची मालकी सिद्ध झाली नाही आणि जागेच्या मालकाने दावा केला, तर कायद्याप्रमाणे तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा जागेच्या मालकाचा. मात्र दोघांत आधी करार झालेला असेल तर त्या कराराप्रमाणे वाटणी. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ती घेता येते. आणि न कळवता लपवली तर सापडणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. लपवायला मदत करणाऱ्या जागामालकालाही सहा महिन्यांपर्यंतची शिक्षा आहे.

म्हणजे तुमचं "निम्मं-निम्मं" घाबरवणारं तर होतंच, शिवाय ते तुमच्या दोघांच्या हातात पूर्णपणे नव्हतंही. हा कायदा मालकाला चार वाक्यांत आधी सांगा. ऐकून तो नको म्हणाला तर तो नकार मला मान्य होण्यासारखा वाटतो. कोणाला आपल्या वावरावर महसूलवाल्यांच्या चकरा नको असतात.

चिठ्ठी साध्या कागदावर चालते. मी साधारण असं लिहितो: "मौजा अमुक, गट नंबर अमुक, यातील आमच्या वहिवाटीच्या वावरात अमुक यांना अमुक तारखेला सकाळी सात ते अकरा मशीन फिरवायला आणि एक वीत खोलीपर्यंत माती काढून पुन्हा बुजवायला आमची संमती आहे. आमच्या घरची हरवलेली वस्तू सापडल्यास ती आमची. भंगार आमचं. जुनी नाणी, दागिने, भांडी किंवा मूर्ती दिसल्यास काम लगेच थांबवून दोघांनी मिळून तहसील कार्यालयात कळवायचं आणि वाटणी कायद्याने होईल तशी." खाली सह्या, दोन साक्षीदार, फोन नंबर. तारीख आणि वेळ नक्की टाका. मोघम संमती घेतली की माणूस पुढच्या वर्षी तीच दाखवत न विचारता शिरतो. नागपूरकडे गटाऐवजी खसरा लिहावा लागेल, उताऱ्यावर जसं असेल तसं.

काही ठिकाणी मालकाचं 'हो' मिळालं तरी जायचं नाही, आणि विदर्भात अशी ठिकाणं भरपूर आहेत. नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट या भागांत लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत. त्यातली काही संरक्षित आहेत, कितीतरी मात्र कोणाच्या तरी वावरात धोंड्यांचं कडं म्हणून पडून आहेत. त्या काळातले लोक अशा वर्तुळांत मेलेल्यासोबत लोखंडी हत्यारं पुरत. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. तिथे तुमची मशीन भरपूर वाजेल, पण खुरपी लावायची नाही. गावाबाहेरची पांढरी, म्हणजे राखट मातीचं आणि खापरांनी भरलेलं उंचवट्याचं टेपाड, हेही तसंच. रिठी मौजे, म्हणजे वस्ती उठून गेलेली गावं, पाहून तर नव्या लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, उजाड गाव म्हणजे नाणी असणारच म्हणून. असतीलही. पण पवनी, मनसर, नगरधन, कौंडिण्यपूर इथे जे कळलं ते थराथराने खोदून कळलं. भोक पाडून वस्तू उपसली की तिचा थर गेला.

तऱ्हाळ्याचं उदाहरण घ्या. मंगरूळपीरकडचं गाव, आता वाशीम जिल्ह्यात. 1939 साली तिथे सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला, इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी त्याचा अभ्यास केला आणि पुराणांच्या याद्यांत नसलेल्या काही राजांची नावं त्यातून पुढे आली. हीच नाणी सुटी सुटी बाजारात गेली असती तर ती नावं बाहेर येणं अवघड होतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं, राणीछाप रुपयासुद्धा, पुरावस्तू ठरतं. ते देशाबाहेर पाठवता येत नाही आणि पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. 'विकून देतो' म्हणणाऱ्याला तुमचा पत्ताही देऊ नका.

झुडपी जंगल, ई-क्लास (सरकारी चराईची जमीन), गायरान, मालगुजारी तलावाची पाळ, देवस्थानची जमीन: इथे ज्याने 'हो' म्हटलं त्याला ते म्हणायचा अधिकारच नसतो. सोडून द्या.

प्रत्यक्ष वावरात दिवसाउजेडी जा, जास्तीत जास्त दोघं. अमावस्या-पौर्णिमा टाळा. तुमची श्रद्धा असो-नसो, गावाची नजर असते. देवळाजवळ, पाराजवळ, जुन्या विहिरीच्या काठावर मशीन चालू करू नका. प्रत्येक वाजलेली गोष्ट, गुटख्याच्या पुडीची चांदीसुद्धा, मालकाने दिलेल्या घमेल्यात टाका आणि घमेलं धुऱ्यावर त्याच्या नजरेसमोर ठेवा. खिशात काहीही जाता कामा नये, स्वतःची किल्लीदेखील त्याच्या देखत काढून बाजूला ठेवा. बारीक सोनं आणि पुडीची चांदी मशीनला जवळजवळ सारखीच ऐकू येतात, त्यामुळे अंगठी शोधताना कचरा खणावाच लागतो. मालकाला हे आधी सांगितलं नाही तर दहाव्या पुडीला तो कंटाळतो. डुकरांसाठी झटका तार लावलेली असेल तर ती बंद करून घ्या. जिवाचा धोका आहेच, शिवाय तिच्या ठोक्याने मशीन ठराविक अंतराने खोटी वाजत राहते.

मातीबद्दल थोडंच. आपली काळी माती बेसॉल्टपासून झाली आहे आणि तिच्यात चुंबकीय खनिजं असतात. कारखान्याच्या सेटिंगवर मशीन सतत कुरकुरते, म्हणून प्रत्येक वावरात जमिनीचं संतुलन (ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मशीन त्या मातीला जुळवून घेणं) नव्याने करा. उन्हाळ्यात या मातीला भेगा पडतात आणि वस्तू त्यातून खाली जातात, तेव्हा दहा वर्षांपूर्वी पडलेली जोडवी आपल्या मशीनच्या आवाक्याबाहेर गेलेली असू शकते. मालकिणीला खोटी आशा लावू नका.

वेळ कोणती निवडावी? पेरणीच्या घाईत आणि वेचा चालू असताना विचारूही नका. सोयाबीन निघाल्यावर चना पेरेपर्यंत थोडे दिवस मिळतात, पण तेव्हा शेतकऱ्याला बोलायला फुरसत नसते. मला उलंगवाडी, म्हणजे कापसाचा शेवटचा वेचा, झाल्यावरचे दिवस बरे वाटतात, फेब्रुवारी-मार्चचे: पऱ्हाट्या उपटलेल्या असतात आणि जमिनीत थोडी ओल असते, त्यामुळे खुरपी चालते. मे महिन्यात तीच जमीन कुदळीला दाद देत नाही, आणि मृगाचा पाऊस पडला की चिखल मशीनला गोळ्यागोळ्याने चिकटतो. पाडव्याच्या आसपास नवा सालगडी ठरतो, ठेकेही बदलतात. म्हणून माघात घेतलेली संमती चैत्रात पुन्हा विचारून घ्या.