'स्क्विड गेम'मधली माणसं एकदा सुटल्यावर परत मरायला का जातात?

'स्क्विड गेम' ही कोरियन मालिका. कर्जात बुडालेली माणसं मोठ्या बक्षिसासाठी एका बेटावर लहान मुलांचे खेळ खेळतात, आणि हरला तो मेला. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिल्या खेळात अडीचशे माणसं डोळ्यांदेखत मेली, मतदान करून उरलेले सुटले, तरी ते परत त्याच बेटावर जातात. हे लेखकाने फेकलेलं नाही का? आणि पुढचे दोन सीझन बघावेत का?

(खाली सगळं फोडून सांगितलंय. मालिका बघायची असेल तर इथूनच मागे फिरा.)

मला तर सगळ्या मालिकेत तेवढी एकच गोष्ट शंभर टक्के खरी वाटली. ती मान फिरवणारी बाहुली, गुलाबी कपड्यांतले पहारेकरी, सोन्याचे मुखवटे घातलेले धनाढ्य, हे सगळं लेखकाने रचलेलं आहे हे दिसतंच. पण आकडे बघा. 456 पैकी पहिल्या खेळात 255 गेले, 201 उरले. खेळ थांबवण्याच्या बाजूने 101, चालू ठेवण्याच्या बाजूने 100. सगळ्यांना घरी सोडलं आणि 187 जण आपल्या पायांनी परत आले. न आलेले फक्त 14.

हे मला का पटलं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका मित्राला पतसंस्थेत जामीन राहिलो. मित्राचे हप्ते थकले आणि तो गायब झाला. मग वसुलीवाला रोज सकाळी कंपनीच्या बसच्या वेळेला स्टॉपवर येऊन उभा राहायचा. शिव्या नाहीत, धमकी नाही. फक्त मोठ्याने "नमस्कार साहेब" म्हणायचा आणि बस सुटेपर्यंत बघत राहायचा. आठ महिने. त्या काळात कुणी येऊन म्हणालं असतं की एक खेळ खेळ, सगळं फिटतं, तर नियम काय आहेत हे मी नंतर विचारलं असतं.

दुसऱ्या भागात नेमकं हेच आहे. त्या भागात एकही खेळ नाही, आणि त्याचंच नाव 'नरक'. मालिकेचा नायक गी-हून घरी येतो तर आईचा पाय मधुमेहाने सडत आलेला आणि तिचा विमा यानेच आधी मोडून खाल्लेला. सांग-वू हा गल्लीतला हुशार मुलगा, सोल नॅशनल युनिव्हर्सिटीत शिकलेला. त्याने फ्युचर्समध्ये, म्हणजे वायदेबाजाराच्या सट्ट्यात, पैसे घालवले आणि आईचं घर-दुकानही गहाण टाकलं. पाकिस्तानातून आलेल्या अलीचा सहा महिन्यांचा पगार मालकाने दाबून ठेवलाय, मशीनमध्ये बोटं गेली ती वेगळीच. यांना बेटावर कुणी ओढून नेत नाही. घरच्या दारातून बघितलं की बेट बरं दिसतं, एवढंच.

आता गी-हूनबद्दल. बहुतेक जण त्याला आळशी जुगारी समजतात. पहिल्या भागात तो आईचे पैसे चोरून घोड्यांवर लावतो, तेव्हा मीही तेच म्हटलं होतं. पण पाचव्या भागात रात्री पलंगांचा आडोसा रचून पहारा करताना तो जुनी गोष्ट सांगतो. 'ड्रॅगन मोटर्स'मध्ये दहा वर्षं नोकरी, मग कपात, संप, कारखान्याचा ताबा, पोलिसांचा हल्ला, डोळ्यांसमोर मेलेला सहकारी. त्याच वेळी बायको बाळंत होत होती आणि हा तिथे नव्हता. पुढे फ्राइड चिकनचं दुकान काढलं, ते बुडालं. मग खाण्याचं छोटं दुकान, तेही बुडालं. कोरियात नोकरी गेलेल्या मध्यमवयीन माणसाने चिकनचं दुकान टाकणं हे इतकं ठरलेलं आहे की त्यावर विनोद चालतात. काम करणाऱ्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा तिथे स्वतःच्या धंद्यावर जगतो, आणि त्यातले कितीतरी आवडीने नव्हे, दुसरं दार बंद झालं म्हणून.

ही कंपनी मनाने रचलेली नाही. 'सांगयाँग' या नावाचा अर्थच जोडीचे ड्रॅगन. 2009 साली सांगयाँग मोटरने 2,646 जणांची कपात जाहीर केली आणि कामगारांनी प्याँगटेकचा कारखाना 77 दिवस ताब्यात ठेवला. शेवटी हेलिकॉप्टरमधून अश्रुधुराचं द्रावण ओतलं गेलं आणि कमांडो छपरावर उतरले. दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्योक यांनी गी-हूनचं पात्र याच घटनेवरून घेतल्याचं स्वतः सांगितलंय. पुढच्या वर्षांत कामगार आणि त्यांच्या घरच्यांपैकी तीसच्या आसपास माणसं गेली, कुणी आत्महत्येने, कुणी आजाराने. आपल्या वाचकांना माहीत असावं म्हणून: याच कंपनीत 2011 साली मुंबईच्या महिंद्राने 70 टक्के हिस्सा घेतला. म्हणजे संपानंतर. दहा वर्षांनी कंपनी पुन्हा दिवाळखोरीच्या कोर्टात गेली आणि अखेर दुसऱ्या कोरियन उद्योगसमूहाने ती घेतली.

पण मला खरा हादरा बसला तो संपानंतरच्या निकालाने. नुकसानभरपाई म्हणून कंपनी आणि पोलिसांना मिळून 470 कोटी वॉन द्या, असं 2013 मध्ये कोर्टाने संप करणाऱ्यांना सांगितलं. नोकरी गेली ती गेली, वर हे कर्ज. 2014 मध्ये एका वाचक बाईने एका साप्ताहिकाला पाकीट पाठवलं, आत 47,000 वॉन. हिशेब साधा होता: माझ्यासारख्या एक लाख लोकांनी एवढे दिले तर 470 कोटी होतात. पूर्वी पगार पिवळ्या पाकिटातून मिळायचा, म्हणून त्या मोहिमेला 'पिवळं पाकीट' हे नाव पडलं. संप केला म्हणून कामगारांवर असे अवाढव्य दावे लावण्याला आवर घालणारा कायदा ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या संसदेत मंजूर झाला. त्यालाही लोक पिवळ्या पाकिटाचा कायदाच म्हणतात. मालिकेतलं बक्षीस 4,560 कोटी वॉन, दर खेळाडूच्या जिवामागे दहा कोटी. माणसाच्या जिवाला असा आकडा चिकटवणं तुम्हाला अतिशयोक्ती वाटत असेल, तर कोर्टाचा आकडा पुन्हा वाचा.

ह्वांग यांनी हे कथानक 2009 च्या आसपासच लिहिलं. तेव्हा ते स्वतः कफल्लक होते, घरच्यांवर कर्ज होतं, मध्येच लॅपटॉप विकावा लागला म्हणून लिखाण थांबलं. तेव्हा कुणी पैसे घालायला तयार नव्हतं, कारण गोष्ट फार विचित्र वाटत होती. मालिका आली 2021 च्या सप्टेंबरमध्ये.

पहिल्या सीझनमधल्या गोट्यांच्या भागाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या भागाचं नाव 'ग्गानबू'. सबटायटलमध्ये लांबलचक अर्थ देतात, आपल्याकडे त्याला एक शब्द पुरतो: भिडू. गोट्या दोघांच्या, तुझं-माझं नाही. जोड्या लावा म्हटल्यावर सगळे आपल्या जवळच्या माणसाला भिडू घेतात, आणि मग कळतं की भिडूविरुद्धच खेळायचंय. अली आधी सांग-वूला "साजांगनिम" म्हणजे मालक, साहेब म्हणायचा. सांग-वूनेच त्याला "ह्योंग" म्हण, म्हणजे दादा म्हण, असं सांगितलेलं असतं. दुसऱ्या भागात याच दादाने त्याला बसभाड्याचे पैसे दिलेले असतात. आता तोच दादा गोट्यांची पिशवी नीट बांधून गळ्यात अडकवून देतो, आणि आत गोट्यांच्या जागी खडे भरलेले असतात. अलीला ते पिशवी उघडल्यावरच कळतं. अलीचं काम केलंय दिल्लीच्या अनुपम त्रिपाठीने. तो शिष्यवृत्तीवर सोलला नाटक शिकायला गेला होता. हा प्रसंग मी दोनदा बघितला, तिसऱ्यांदा पुढे ढकलला.

पुढच्या सीझनचं म्हणाल तर दुसरा (डिसेंबर 2024) तिसऱ्या भागासाठी तरी बघाच. तुमच्याच प्रश्नाचं उत्तर तिथे जास्त स्पष्ट मिळतं. आता प्रत्येक खेळानंतर मतदान आहे, आणि थांबलात तर जमलेले पैसे वाटून मिळतात. पहिल्या खेळानंतर माणशी येतात जेमतेम अडीच कोटी वॉन. डोक्यावर कर्ज त्याच्या कितीतरी पट. लोक भागाकार करतात आणि चालू ठेवण्याचं बटण दाबतात. निकाल 183 विरुद्ध 182. दोन्ही सीझनमध्ये पहिल्या मतदानातलं शेवटचं, निर्णायक मत 001 नंबरच्या माणसाचं आहे. एकाने थांबवलं, दुसऱ्याने चालू ठेवलं, आणि दोघेही आयोजकांच्या बाजूचे. मतदान लोकशाही पद्धतीने झालं, असं मात्र त्या हॉलमधल्या प्रत्येकाला वाटतं.

तिसरा सीझन (जून 2025) मला ताणलेला वाटला. मुखवटेवाल्या पाहुण्यांचे संवाद तर पहिल्यापासूनच भिकार आहेत, तिथे मी चहा टाकायला उठतो. वेळ कमी असेल तर पहिला सीझन पुन्हा लावा आणि या वेळी दुसरा भाग पुढे ढकलू नका.