नव्या स्पोर्ट्सवेअर दुकानाच्या उद्घाटनाच्या पार्टीला जाऊन काय मिळते?

आपला प्रश्न असा आहे : वडोदऱ्यात उघडणाऱ्या एका स्पोर्ट्सवेअर दुकानाच्या उद्घाटनाच्या पार्टीचे निमंत्रण मोबाइलवर आले आहे, आपण खेळाडू नाही, सकाळी चालण्यापुरताच व्यायाम करता; तर अशा ठिकाणी जावे का, खरेदी त्याच दिवशी करावी का, आणि बारा वर्षांच्या मुलीला सोबत न्यावे का.

अवश्य जावे, पण सवलतीच्या ओढीने जाऊ नये. उद्घाटनाच्या दिवशी दुकानात दोन गोष्टी हमखास असतात, ज्या पुढे महिन्याभरात विरळ होतात. एक म्हणजे प्रत्येक बुटाचे सगळे नंबर मांडणीवर हजर असतात. दुसरी म्हणजे नव्या कर्मचाऱ्यांना तयार करण्यासाठी कंपनीने बाहेरून पाठवलेली जाणती माणसे दुकानात वावरत असतात. या दोहोंचा उपयोग करून आपल्या पायाचे खरे माप समजून घेणे, एवढ्यासाठी ती संध्याकाळ खर्ची घालायला हरकत नाही.

मी दांडिया बाजारात राहतो आणि सकाळी कमाटीबागेत धावणाऱ्यांच्या एका गटात आहे. पहिल्या दिवशी दुकान भरलेले दिसावे आणि फोटोत पाठीमागे धडधाकट माणसे दिसावीत, म्हणून अशा गटांना आवर्जून बोलावले जाते. गेल्या हिवाळ्यात अलकापुरीतल्या एका दुकानाच्या पार्टीला आमचा गट गेला होता. निमंत्रणावर सहाची वेळ होती, फीत कापली गेली साडेसातच्या पुढे. प्रमुख पाहुणा बहुधा क्रिकेटपटू असणार, हे बडोद्यात गृहीतच धरलेले असते. पठाण बंधू आणि पांड्या बंधू ज्या शहराने दिले तिथे दुसरे काय होणार? त्यामुळे कोण येणार याची कुजबुज सुरू झाली की सगळी गर्दी मोबाइल उंचावून दाराशी जमते आणि आतली बूट घालून पाहण्याची बाके रिकामी होतात. आपण नेमके त्याच वेळी आत बसावे. पाहुण्याचा फोटो रात्रीपर्यंत कोणी ना कोणी गटात टाकतोच.

जाता जाता एक तक्रार नोंदवतो. १९४७ साली बडोद्यात झालेल्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली होती, आणि प्रथम श्रेणी क्रिकेटमधील कोणत्याही गड्यासाठीचा तो विक्रम २००६ पर्यंत अबाधित होता. त्याच शहरातल्या त्या दुकानाच्या भिंतीवर मात्र छतापर्यंत पोहोचणारे परदेशी फुटबॉलपटूच होते. डीजेचा आवाज इतका होता की ही तक्रार मी शेजाऱ्यालाही ऐकवू शकलो नाही.

आता मापाविषयी. तिथे धातूची, सरकत्या पट्ट्यांची एक पाटी असते, तिच्यावर पायाची लांबी आणि रुंदी दोन्ही मोजतात. मी बसल्या बसल्या पाय पुढे केला, तेव्हा कंपनीकडून आलेली मुलगी म्हणाली, "अंकल, उभे राहा आणि दोन्ही पायांवर सारखा भार द्या." उभे राहिल्यावर तळवा पसरतो, म्हणून बसून घेतलेले माप बहुधा कमी येते. तिने दोन्ही पाय मोजले. डावा थोडा मोठा निघाला आणि तिने डाव्याचाच नंबर धरला. आवाजामुळे बोलणे ऐकू येईना, तेव्हा एका कूपनाच्या पाठीवर तिने यूके आणि यूएस असे दोन्ही नंबर लिहून दिले, कारण पुरुषांच्या बुटात यूएसचा आकडा साधारणपणे एकाने जास्त असतो आणि ऑनलाइन मागवताना तिथेच घोळ होतो. बूट घातल्यावर पायाच्या सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरली पाहिजे आणि टाच मागे उचलली जाता कामा नये, हेही तिने बोट दाबून दाखवले. दिवसभराच्या वावराने पाय थोडे सुजतात, त्यामुळे बूट पाहायला संध्याकाळची वेळ तशीही योग्यच. आपण ज्या मोज्यांवर चालता तेच मोजे घालून जावे. दुकानातल्या पातळ मोज्यांवर बसलेला बूट घरच्या जाड मोज्यांवर आवळतो.

कोपऱ्यात ट्रेडमिल आणि कॅमेरा ठेवून धावताना पाय कसा पडतो हेही दाखवतात. ते पाहायला गंमत वाटते, जरूर पाहावे. मात्र पाय आत वळतो म्हणून अमुकच महागडा बूट घ्या, नाहीतर दुखापत होईल, असे कोणी सांगू लागल्यास मान डोलवून पुढे जावे. पायाच्या वळण्यावरून बूट ठरवल्याने दुखापती टळतात, हे समीकरण संशोधनात फारसे टिकलेले नाही. जो बूट घालताक्षणी सोयीचा वाटतो आणि दुकानात चार फेऱ्या मारल्यावरही सोयीचाच वाटतो, तो घ्यावा.

खरेदी त्याच संध्याकाळी करण्याची घाई मी करणार नाही. फलकावरचा "पन्नास टक्क्यांपर्यंत" हा आकडा बहुतेक मागच्या हंगामातल्या मालाला लागू असतो, आणि हातात मिळणारे कूपन काही दिवस तरी चालते. त्याची मुदत आणि किमान खरेदीची अट मागच्या बारीक अक्षरांत वाचावी. घ्यायचेच झाले, तर सवलतीतली वस्तू बदलून मिळेल का हे बिल करण्यापूर्वी विचारावे. छापील कमाल किंमत सर्व करांसह असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या बुटांवर आणि कपड्यांवर ५ टक्के व त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे, पण तो त्या छापील किमतीतच धरलेला असतो. काउंटरवर त्या किमतीवर आणखी कर चढवला जात असेल, तर शांतपणे हिशेब मागावा. मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल होणार नाही, असे सांगितले जाण्याचीही शक्यता आहे. नंबरासाठी असा आग्रह दुकानदारांनी धरू नये, अशी सूचना केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दिलेली आहे. लकी ड्रॉसाठी नंबर द्यायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी दिला होता आणि तेव्हापासून मेसेजांना खंड नाही.

कपड्यांबाबत थोडक्यात सांगतो. सुती टी-शर्ट घाम शोषून ओला राहतो, पॉलिएस्टर घाम जवळजवळ शोषत नाही म्हणून लवकर वाळते. पण वाससुद्धा तेच जास्त धरते, तेव्हा रोज धुण्याची तयारी असेल तरच ते घ्यावे. अर्ध्या तासाच्या चालण्यासाठी घरातला सुती सदरा पुरेसा आहे.

खाण्यापिण्याची फार अपेक्षा ठेवू नये. गुजरातेत दारूबंदी असल्याने पार्टी म्हणजे रंगीत सरबते, चिमुकले बर्गर आणि कुठल्याशा प्रोटीन बारचे तुकडे. आमचा गट तिथून निघून सरळ सेव-उसळ खायला गेला.

मुलीला जरूर न्यावे, मात्र स्पीकरपासून दूर ठेवावे. तिच्याही पायाचे माप उभे करून घ्यावे. पुढच्या वर्षी चालतील म्हणून दोन नंबर मोठे बूट घेण्याची आपल्याकडची सवय खेळाच्या बुटांना लावू नये, कारण पाय आत सरकत राहिला की फोड येतात आणि मूल अडखळते. बोटापुढे अंगठ्याएवढी जागा तिलाही पुरते. या वयात पाय अजून वाढत असतात, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी ती जागा दाबून पाहावी, आणि महाग जोडापेक्षा मधल्या किमतीचा घ्यावा. लहान मुलांचे फोटो काढून दुकानाच्या पानावर टाकण्याची हौस अशा ठिकाणी फार असते. आपल्याला ते नको असेल, तर कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याला आत शिरतानाच तसे सांगून ठेवावे.