सूक्ष्मदर्शकाला न दिसणारा फरक

प्रश्न : माझ्या शौचतपासणीच्या अहवालात ‘एंटामिबा हिस्टोलिटिका किंवा डिस्पार’ असे लिहिले असून डॉक्टरांनी पीसीआर चाचणी सुचवली आहे. परजीवी दिसला असताना पुन्हा तपासणी कशासाठी?

उत्तर : सूक्ष्मदर्शकाने आपले काम चोख केले आहे, अडचण अशी, की या दोन्ही जातींच्या सिस्ट (परजीवीची कवचातील सुप्त अवस्था) आकाराने आणि केंद्रकांच्या संख्येने हुबेहूब सारख्या दिसतात. हिस्टोलिटिका आतड्याला व्रण पाडते, क्वचित यकृतात गळूही करते, तर डिस्पार सहसा निरुपद्रवी असते व तिच्यावर उपचार लागत नाहीत. १९९३ मध्ये त्या स्वतंत्र जाती म्हणून रीतसर मांडल्या गेल्या. परजीवीने लाल रक्तपेशी गिळलेल्या दिसल्या, तर हिस्टोलिटिकाचा संशय बळावतो. पण सिस्टमध्ये ही खूण मिळत नाही.

पीसीआरमध्ये नमुन्यातील डीएनए वेगळा काढून त्यातील ठरावीक भागाच्या, बहुधा १८एस आरआरएनए नावाच्या जनुकाच्या, असंख्य प्रती तयार केल्या जातात आणि त्यातील क्रमाच्या फरकावरून जात ओळखली जाते. मात्र शौचातील पित्तक्षार व इतर घटक ही प्रक्रिया रोखू शकतात, म्हणून सोबत नियंत्रण-चाचणी (प्रक्रिया रोखली गेली नाही ना, हे दाखवणारी) नसलेल्या नकारात्मक निष्कर्षावर मी तरी विसंबणार नाही. नमुना फॉर्मॅलिनमध्ये ठेवू नये. त्याने डीएनए खराब होतो.